मुलाचे पाय, बापाचा नवस

गेल्या वर्षी इस्टरनंतर दोन आठवड्यांनी आमच्या मंडळीच्या कमिटीपुढे एक अर्ज आला. अर्जदार गवंडीकाम करणारा, भालकी तालुक्यातला, आमच्याच मंडळीचा जुना सभासद. अर्ज वहीच्या फाडलेल्या कागदावर होता. मजकूर मुलाच्या हस्ताक्षरात, खाली बापाची सही. बारा वर्षांच्या मुलाची एका खाजगी फुटबॉल प्रशिक्षण संस्थेत निवड झाली आहे, राहणे-जेवणे तिथेच होईल, तरी मंडळीने चालचलणुकीचा दाखला द्यावा आणि मदत फंडातून काही रक्कम कर्जाऊ द्यावी. बाकीची सोय तुरीचे एक एकर शेत गहाण टाकून करण्यात येईल, अशी विनंती होती. संस्थेची वर्षाची फी त्या गवंड्याच्या वर्षभराच्या मजुरीहून जास्त होती.

कमिटीत त्या रात्री जे बोलणे झाले ते आम्ही अजून विसरलो नाही. एक वडीलधारे सभासद म्हणाले, खेळ हा जगाचा मार्ग आहे, मंडळीचा पैसा त्यात घालणे बरे नव्हे. दुसरे म्हणाले, अहो, एखादा पोरगा वर येतो आहे तर त्याचे पाय का ओढता? शब्बाथ शाळेच्या शिक्षिकाबाईंनी हजेरीपट उघडून दाखवला. मुलगा सात रविवार आला नव्हता, कारण सराव रविवारी सकाळीच असतो. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. रात्री दहाला आम्ही उठलो तेव्हा निर्णय झाला नव्हता. एक गोष्ट मात्र घरी जाताना आमच्या ध्यानात आली. मुलगा बाहेर व्हरांड्यात दोन तास बसून होता, आणि त्याला कोणी काही विचारले नव्हते.

बिदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यातील मुले कन्नडात शिकतात, घरी मराठीत प्रार्थना करतात आणि बाजारात दखनी बोलतात. बोळात जो तो क्रिकेट खेळतो; फुटबॉल खेळणारा पोरगा आमच्याकडे विरळाच. पण हा खेळ आपल्या भागाला परका होता असेही नाही. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होते, आणि त्या काळी हैदराबादेचा फुटबॉल देशात नावाजलेला होता. सय्यद अब्दुल रहीम हे तेथले मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतीय संघ १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने पोखरले गेले होते. पुढच्याच वर्षी ते वारले. मास्तर असा माणूस काय करू शकतो याची ही एक आठवण.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या आक्षेपाकडे वळू. शब्बाथाची गोष्ट निघाली की आपल्या मंडळ्यांत एरिक लिडेलचे नाव निघतेच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून हा स्कॉटिश तरुण त्या शर्यतीत धावला नाही. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. शब्बाथ शाळेत ही गोष्ट आम्ही सर्वांनी सांगितली आहे, आणि तिथेच थांबवली आहे. खरे तर पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. पुढच्याच वर्षी, नाव ऐन भरात असताना, तो मिशनरी म्हणून चीनला गेला. युद्धात जपान्यांनी त्याला वेइशेनच्या छावणीत डांबले, आणि तेथे १९४५ च्या फेब्रुवारीत मेंदूतील गाठीने तो वारला. त्या छावणीत मिशनऱ्यांची पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई, रविवारी मात्र खेळ नसे. त्या मुलांनी मोठेपणी सांगितले आहे की एका रविवारी काही मुले आपापली हॉकी खेळायला गेली आणि पंच नसल्याने त्यांची मारामारी जुंपली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. ज्याने शब्बाथासाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली त्यानेच हे केले. स्वतःच्या पदकासाठी न मोडलेला नियम त्याने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी बाजूला ठेवला. हे ज्याला उमगले त्याला शब्बाथाविषयी आम्ही आणखी काय सांगावे?

खेळ ऐहिक आहे हे म्हणणे तर आम्हांस मुळीच पटत नाही. जखऱ्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेच्या भावी वैभवाचे चित्र आहे, आणि त्यात रस्ते कशाने भरलेले आहेत? खेळणाऱ्या मुलामुलींनी. पौलाला धावपटूचे आणि मुष्टियोद्ध्याचे उदाहरण देताना संकोच वाटला नाही. श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को यांनी १८९१ साली फुटबॉल आणला, मद्रासेत वाय.एम.सी.ए.च्या एच. सी. बक यांनी १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. आपल्याच लोकांनी हा खेळ या देशातील शाळांत रुजवला आहे. एवढे मात्र नमूद करतो की श्रीनगरच्या ब्राह्मण मुलांना चामड्याच्या चेंडूचा विटाळ वाटत होता, आणि पहिल्या दिवशी त्यांना खेळायला लावण्यासाठी मैदानाभोवती काठ्या घेतलेले शिक्षक उभे केले होते. बिस्कोसाहेबांनी ती हकीकत मोठ्या गमतीने लिहिली आहे. आम्हांला ती वाचताना तितकेसे हसू येत नाही. मुलाच्या भल्यासाठी म्हणून मुलाला न विचारता काठी उचलण्याची सवय मिशनरींनाही होती आणि आईबापांनाही आहे. आणि आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे. मुलाने खेळावे की नाही याबद्दल फार वाद नाही. एका बारा वर्षांच्या पोराच्या पायांवर घराचे शेत, बापाची आशा आणि त्याचे स्वतःचे अख्खे बालपण लावण्याचा अधिकार कोणाला आहे?

आपल्या मराठी मुलखात याचे ताजे उदाहरण आहे. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड जुने आहे. तेथल्या पेठांच्या तालमी, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, मुळात कुस्तीच्या. पण शाहू स्टेडियमवर त्यांचे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा अर्धे शहर तिथे लोटते. अशा शहरात २००० साली जन्मलेला अनिकेत जाधव हा एका रिक्षाचालकाचा मुलगा. लहानपणीच तो पुण्याच्या बालेवाडीला सरकारी क्रीडाप्रबोधिनीत राहायला गेला. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि भारताचा संघ फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात प्रथमच उतरला, त्या एकवीस जणांत अनिकेत होता. त्याच संघात नमित देशपांडे हा दुसरा मराठी मुलगा होता, तो अमेरिकेत वाढलेला. म्हणजे एक रिक्षावाल्याच्या घरून आणि एक सातासमुद्रापलीकडून, दोघे एकाच निळ्या सदऱ्यात. दिल्लीच्या मैदानावर भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून ३–०, कोलंबियाकडून २–१, घानाकडून ४–०. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या रात्री आम्हीही दूरदर्शनच्या पडद्यासमोर उठून उभे राहिलो होतो, हे कबूल करतो.

पुढे अनिकेत इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून खेळला; २०१९ साली इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात, ज्याची मालकी पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे, काही काळ सरावाला जाऊन आला. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबाद क्लबाने इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. रिक्षावाल्या बापाच्या घरी ही बातमी कशी पोचली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. हे सर्व खरे आहे आणि आनंदाचे आहे. आमच्या अर्जदार गवंड्याच्या मोबाईलमध्ये अनिकेतचे छायाचित्र आहे. ते दाखवून तो आम्हांला म्हणाला, “हा झाला, तर माझा का नाही होणार?”

त्याला काय सांगावे? त्याच एकवीस जणांत पंजाबचा अन्वर अली होता. २०१९ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तपासणीत त्याच्या हृदयाचा विकार निघाला. खेळणे सोड, असा सल्ला त्याला मिळाला. खेळता यावे म्हणून त्याला न्यायालयापर्यंत जावे लागले. तो पुन्हा मैदानात आला, भारताकडून खेळला, देवाची कृपा. पण ज्या वयात पोरे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतात त्या वयात तो जीव आणि पोट यांतले एक निवडायला बसला होता. आणि क्लबांचे म्हणाल तर जो हैदराबाद क्लब २०२२ साली विजेता होता त्याच्या खेळाडूंचे पगार २०२३–२४ च्या हंगामात थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लीगचेच भवितव्य अधांतरी झाले तेव्हा आपल्या राज्यातील बंगळूरच्या क्लबाने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. शिखरावर पोचलेल्यांची ही कथा. जे निवडीपर्यंत जाऊन परत आले त्यांची नावे कुठेच छापून येत नाहीत, म्हणून त्यांच्या बापांजवळ कोणाला दाखवायला छायाचित्र नसते.

कोणी म्हणेल, आपल्या देशातली व्यवस्थाच तोकडी; युरोपात पाहा. तेव्हा स्पेनकडे पाहू, कारण तेथे मुले घडवण्याची विद्या मोठ्या थराला गेली आहे. बार्सिलोना क्लबाने १९७९ साली एका जुन्या शेतघरात मुलांचे वसतिगृह काढले, त्याला ला मासिया म्हणतात. तेथूनच लामिन यामाल आला. बाप मोरोक्कोचा, आई इक्वेटोरियल गिनीची, घर मातारो गावच्या रोकाफोंदा नावाच्या कष्टकरी वस्तीत. २०२४ च्या युरोप चषकात फ्रान्सविरुद्ध त्याने गोल केला तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता, चार दिवस कमी होते. अंतिम सामना स्पेनने जिंकला तो त्याच्या सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. त्या स्पर्धेत तो शाळेचा अभ्यासही बरोबर घेऊन गेला होता. गोल केल्यावर तो बोटांनी ३०४ हा आकडा करून दाखवतो. ते त्याच्या वस्तीच्या पिनकोडाचे शेवटचे तीन आकडे. आम्हांला हे फार आवडले. आपल्या गल्लीची लाज न वाटणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच वसतिगृहात सतरा वर्षे आधी आणखी एक मुलगा असाच चमकला होता, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. बोयान क्रकिच. वडील सर्बियन, स्वतः फुटबॉलपटू; आई कॅटलान. २००७ च्या सप्टेंबरात, सतरा वर्षे पुरी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तो बार्सिलोनाकडून लीगच्या सामन्यात उतरला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये दहा गोल. वर्तमानपत्रांनी त्याला दुसरा मेस्सी ठरवून टाकले. २००८ च्या फेब्रुवारीत त्याला स्पेनच्या मुख्य संघात बोलावणे आले, फ्रान्सविरुद्ध. त्या वेळी त्याला चक्कर येऊ लागली, छातीत दडपल्यासारखे झाले. ती भीती होती, दिवसरात्र न उतरणारी. बाहेर मात्र सांगण्यात आले की पोरगा पोटाच्या विकाराने आजारी आहे. त्या उन्हाळ्यात युरोप चषकाला जाण्यासही त्याने नकार दिला, आणि लोकांत अर्थ निघाला की देशाने बोलावले आणि हा आला नाही. त्याच्याविना स्पेनने तो चषक जिंकला. खरी गोष्ट त्याने जाहीरपणे सांगितली ती दहा वर्षांनी, २०१८ साली. मध्यंतरी तो इटली, हॉलंड, इंग्लंड, जर्मनी असा क्लबामागून क्लब फिरला, पुढे कॅनडा आणि जपानलाही गेला, आणि २०२३ साली बत्तिसाव्या वर्षी त्याने खेळ थांबवला.

बोयान अपयशी ठरला असे आम्ही म्हणणार नाही. बार्सिलोनाकडून खेळणे हे अपयश असेल तर यश कशाला म्हणावे? आम्हांला खुपते ते पोटदुखीचे खोटे. सतरा वर्षांचे पोर घाबरले आहे हे सांगण्याची मुभा त्या सगळ्या झगमगाटात नव्हती. पोट बिघडले हे सांगण्याची होती. आपल्या घरांतही असेच नाही काय? बिदरमध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांसाठी दूरदूरच्या गावांहून मुले येऊन राहतात. त्यांतली काही आमच्या उपासनेला येतात. रविवारी प्रसाद दिल्यासारखी त्यांच्या हातावर बिस्किटे ठेवताना आम्ही विचारतो, कसे चालले आहे? “डोकं दुखतं,” असे एक मुलगी सलग चार रविवार म्हणाली. आम्ही तिला दोनदा डोकेदुखीची गोळी आणून दिली. शहाणपण असते तर गोळी बाजूला ठेवून तिच्याजवळ बसलो असतो.

म्हणजे फुटबॉल हे केवळ निमित्त. पोराला डॉक्टरकीला वाहिले तर आपण त्या बापाला दूरदर्शी म्हणतो, फुटबॉलला वाहिले तर जुगारी म्हणतो. पण वाहणे दोन्हीकडे सारखेच आहे. या ठिकाणी आम्हांला डॉ. टी. आओ आठवतात. नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचे तालिमेरेन आओ, एका बाप्टिस्ट पाळकाचे पुत्र. वडील टायफॉइडने गेले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी ही त्यांची इच्छा होती. मुलगा कलकत्त्याला वैद्यकी शिकायला गेला आणि तेथे मोहन बागानकडून असा खेळला की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा तो पहिला फुटबॉल कर्णधार झाला, पथकाचा झेंडाही त्याच्याच हाती होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने आपल्याला २–१ ने हरवले; दोन पेनल्टी आपण वाया घालवल्या. परत येऊन आओंनी १९५० साली वैद्यकीय पदवी पुरी केली, नागा मुलखात गेले, आणि निवृत्त होईपर्यंत डॉक्टर म्हणून राबले. १९९८ साली ते वारले.

ही गोष्ट आमच्या कमिटीत सांगितली तेव्हा ते वडीलधारे सभासद आनंदाने म्हणाले, पाहा, शेवटी डॉक्टरकीच श्रेष्ठ! आम्ही तसे म्हणत नाही. या गोष्टीतले आम्हांला जे महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. बापाचा नवस होता खरा, पण तो मुलाच्या गळ्यात दोरी बांधून फेडून घ्यायला बाप जिवंत नव्हता. मुलाने तो स्वतः उचलला, मोठेपणी, हातात दुसरे काही असताना. आणि खेळानेही त्याला पुरते गिळले नव्हते. मैदानाबाहेर त्याचे कोणी वाट पाहत होते.

हन्नाची गोष्ट आपण मुलांना बाळशमुवेलाच्या अंगाने सांगतो: रात्र, दिवा, हाक. कमिटीच्या त्या रात्रीनंतर आम्ही ती हन्नाच्या अंगाने पुन्हा वाचली. मूल व्हावे म्हणून तिने मूल देऊन टाकण्याचा नवस केला. अजब सौदा आहे हा, आणि शमुवेलाला कोणी विचारले नाही, विचारण्याजोगा तो जन्मलाच नव्हता. दूध तुटताच तिने त्याला शिलोला एलीच्या हवाली केले. एलीचे घर कसे होते हेही शास्त्र लपवत नाही. त्याचे स्वतःचे दोन मुलगे वाया गेले होते. अशा वसतिगृहात तिने आपले लेकरू ठेवले! मग तिच्यात आणि शेत गहाण टाकणाऱ्या गवंड्यात फरक कोणता? पुष्कळ दिवस आम्हांला फरक सापडेना. मग दुसऱ्या अध्यायातल्या एका लहान वाक्यापाशी आम्ही अडखळलो. दर वर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे.

शिवणाऱ्या बायांना याचा अर्थ लगेच कळेल. न पाहिलेल्या मुलाचे माप कसे घ्यायचे? गेल्या वर्षी खांदा कुठवर होता, आता कुठवर आला असेल, बाही किती सोडायची, हे वर्षभर मनात मोजत राहावे लागते. ज्या मुलाला मोठे नाव काढण्यासाठी पाठवले आहे त्याला आपण नावाच्या मापाने मोजतो. हन्ना त्याला खांद्याच्या मापाने मोजत होती. तिने देवाला दिलेला मुलगा देवाचाच राहिला, पण तो वाढतो आहे हे तिच्या लक्षात होते. तो संदेष्टा झाला नसता तरी तो झगा त्याला बसला असता.

आपल्या मंडळ्यांनी इथे काय करावे? दाखला देणे सोपे आहे, नकार देणे त्याहून सोपे. फी मागणाऱ्या संस्थेआधी सरकारी क्रीडा वसतिगृहांची चौकशी करावी, तिथे निवड झाली तर शेत वाचते. महाराष्ट्रात क्रीडाप्रबोधिनी आहे, आपल्याकडे राज्याच्या क्रीडा खात्याची वसतिगृहे आहेत. हे आमच्या कमिटीत ठाऊक असलेला एकही माणूस नव्हता, याची आम्हांला लाज वाटली. ज्या मंडळीला स्मशानभूमीच्या जागेचे सर्व सरकारी कागद तोंडपाठ आहेत तिला मुलांविषयीचा एक कागद माहीत नसावा!

दुसऱ्या बैठकीला पाळकसाहेबांनी मुलाला आत बोलावले आणि खुर्ची दिली. तो खुर्चीच्या काठावर बसला.

“तुला जायचंय का, बाळ?”

“होय, पाळकसाहेब.”

“बाबा म्हणतात म्हणून?”

त्याने बापाकडे पाहिले. “बाबा म्हणतात म्हणून पण, आणि मला आवडतं म्हणून पण.” मग जरा थांबून म्हणाला, “एक विचारू? तिथं नाही जमलं, तर मला परत आपल्या शाळेत घेतील का? आणि बाबांचं शेत?”

कोणी काही बोलेना. बापाने मान खाली घातली. दोन बैठकांत आम्ही शब्बाथ काढला, लिडेल काढला, ऑलिंपिक काढले; पोराने मात्र नेमका तो प्रश्न विचारला जो विचारायचे धाडस आम्हां पाच-सहा मोठ्या माणसांना झाले नव्हते. पहिल्या बैठकीत विरोध करणारे ते वडीलधारे सभासदच शेवटी उठले आणि म्हणाले, “शाळेचं मी बघतो. हेडमास्तर माझ्या ओळखीचे आहेत. तू केव्हाही परत ये, पुढच्या वर्गात बसवू. शेताला मात्र हात लावायचा नाही.” आणि बापाकडे वळून, “ऐकलंस का रे?”

शेत गहाण पडले नाही. खाजगी संस्थेला नाही कळवले. गेल्या पावसाळ्यात मुलगा सरकारी वसतिगृहाच्या निवडीला गेला आणि पहिल्या खेपेस निवडला गेला नाही. तीन दिवस तो कोणाशी बोलला नाही, असे त्याच्या आईने शिक्षिकाबाईंना सांगितले. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर होता. शब्बाथ शाळा आता आम्ही सकाळऐवजी दुपारी तीनला घेतो. त्याच्यासाठी एकट्यासाठी नव्हे, शिकवण्यांना जाणाऱ्या मुलांचीही तीच अडचण होती. तो येतो, शेवटच्या बाकावर बसतो, आणि तोंडपाठ वचने म्हणताना पाय हलवत राहतो. बाईंनी आता त्याला टोकायचे सोडले आहे.

या वर्षीची निवड काही दिवसांवर आली आहे. परवा भक्ती सुटल्यावर त्याचा बाप घाईने निघालेला दिसला. बिदरला बूट आणायला चाललो, म्हणाला. गेल्या वर्षीचे बोटांना लागतात. मुलाला का नेत नाही असे विचारले तर म्हणाला, तो पोरांबरोबर खेळतोय, कशाला उठवू. त्याने खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढून दाखवला. त्यावर पेन्सिलीने दोन्ही पावलांची माप काढलेली होती, उजवे डाव्यापेक्षा किंचित मोठे.